अंगठीशेजारची पेटी

माझ्या आईचं दुसरं लग्न एका आयरिश म्हातारीने पत्ते पाहून ठरवलं, असं आमच्या नात्यात अजूनही सांगितलं जातं. सांगणाऱ्यांचाही दोष नाही. साठी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका, विधवा, अमरावतीसारख्या गावातली. ती तीन महिने लेकीकडे आयर्लंडला जाते आणि परत येऊन लग्न करते, म्हणजे मधे काहीतरी करणी-बिरणी झालेली असणार. तिला स्वतःलाच लग्न करावंसं वाटलं असेल, ही शक्यता आमच्या लोकांच्या डोक्यात शिरायला जागाच नाही. मी त्या टेबलाशी हजर होते, म्हणून सांगते. पत्त्यांनी काहीही ठरवलं नाही. त्यांनी फक्त आम्हा सगळ्यांची हुशारी बाहेर काढली, माझ्यासकट.

मी तेव्हा आयर्लंडमध्ये, स्लायगो गावच्या हॉस्पिटलात भूल देणारी रजिस्ट्रार डॉक्टर होते. आमच्यासारख्यांची नोकरी तिकडे सहा-सहा महिन्यांची असायची. जानेवारी आणि जुलै उजाडला की देशभरातले देशी डॉक्टर प्रेशर कुकर, रजया आणि देव गाडीत घालून एका गावाहून दुसऱ्या गावाला निघायचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. त्यामुळे बांधिलकी या विषयावर मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. छत्तीस वर्षांची होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि ‘का नाही?’ असं कुणी विचारलं की ‘पुढच्या जुलैत मी कुठे असेन तेच माहीत नाही’ हे उत्तर तयार असायचं. फार सोयीचं उत्तर होतं ते.

घरमालकीण शेजारच्याच घरात राहायची. सत्तरीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी पत्ते, दोन्ही ती सारख्याच श्रद्धेने करायची. त्यात काही विसंगती आहे असं तिला वाटत नसे, आणि मलाही वाटायचं कारण नव्हतं, कारण आमच्यात गुरुवारचा उपास धरून एमआरआय वाचणारे लोक होते. तिचे पत्ते लेनोर्माँ नावाचे. त्यात टॅरोसारखे गूढ राजे-राण्या नाहीत. छत्तीस छोटे पत्ते आणि त्यांवर बालवाडीच्या तक्त्यावर असतात तशी साधी चित्रं: जहाज, घर, कोल्हा, कुत्रा, ढग, शवपेटी. स्वयंपाकघरातल्या कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये चहाच्या डब्यामागे ते पत्ते ठेवलेले असायचे.

पंचविसावा पत्ता अंगठीचा. “अंगठी म्हणजे बांधिलकी,” ती सांगायची, “पण एकटी अंगठी मुकी असते. डावीकडचा पत्ता सांगतो ती आली कुठून, उजवीकडचा सांगतो ती चालली कुठे.” तिचा दुसरा नियम असा, की पत्ते ज्याने कापले, उत्तर त्याचंच. दुसऱ्यासाठी विचारता येत नाही. हे दोन नियम लक्षात ठेवले की बाकी सगळं चहाबरोबर समजत जायचं.

त्या वर्षांत बँका बुडाल्या होत्या. अर्धवट बांधलेल्या घरांच्या कॉलन्यांत गवत वाढलं होतं, आणि गावातली बरीच माणसं तिच्या टेबलाशी येऊन बसायची. घर-अंगठी-डोंगर आलं की गृहकर्ज. अंगठीपुढे जहाज आलं की मुलगा ऑस्ट्रेलियाला चालला. अंगठीआधी कोल्हा आला की नव्या नोकरीच्या करारात काहीतरी लबाडी आहे. यातलं काहीही सांगायला पत्ते लागत नव्हते, वर्तमानपत्र पुरलं असतं. पण वर्तमानपत्र चहा देत नाही, आणि शेवटी हातावर थोपटून “इट’ल बी ग्रँड” असंही म्हणत नाही. ती सगळ्यालाच ग्रँड म्हणायची, अगदी शवपेटीलासुद्धा.

मी हसायचे. मी विज्ञानवाली ना. म्हणजे ड्यूटीवर कुणी नर्स ‘आज कसं शांत आहे’ म्हणाली की तिच्यावर ओरडणारी, कारण हा शब्द उच्चारला की हमखास तीन केसेस एकदम येतात. पण तरी विज्ञानवाली. हॉस्पिटलातली अंधश्रद्धा पांढऱ्या कोटात असते, त्यामुळे तिला अनुभव म्हणतात.

त्या उन्हाळ्यात आई आली. सोबत पापड, कुरडया, सांडगे आणि शेवया असं सगळं आणलं होतं. फक्त दर खेपेला असायचा तो स्थळांचा गठ्ठा नव्हता. एक आठवडा गेला, दोन गेले, माझ्या लग्नाचा विषय तिने काढलाच नाही. मला वाटलं, हवा मानवली. तिच्या मनात काय चाललंय ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. अमरावतीला आमच्याच लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, शेतकी कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक राहायचे. बायको वारलेली. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात दोघं असायचे. पुढे घोळका पांगला, कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं, आणि हे दोघंच उरले. आई माझ्याकडे यायला निघायच्या आधी त्यांनी तिला सरळ विचारलं होतं, आपण रीतसर लग्न करून एकत्र राहू या का? आई म्हणाली होती, लेकीकडून आल्यावर सांगते. म्हणजे हो की नाही हे ठरवायला ती स्लायगोला आली होती, आणि आम्ही तिला धबधबे दाखवत फिरत होतो.

एका रविवारी माझ्याकडे मराठी मंडळी जमली. आमच्याच हॉस्पिटलातला एक फिजिशियन, त्याची पत्रिकेत पारंगत बायको, त्यांची सात वर्षांची मुलगी, आणि गॉलवेहून येणारा एक सॉफ्टवेअरवाला. घरमालकिणीलाही बोलावलं होतं. दडपे पोहे तिने फारच निष्ठेने खाल्ले, मग पत्ते काढले आणि बायकांचे डोळे चमकले. पुरुषांचेही चमकले, पण त्यांनी मोबाइल बघत असल्याचं नाटक केलं.

“किती पत्ते आहेत?” पत्रिकावालीने विचारलं. छत्तीस म्हटल्यावर ती खुर्चीवरून पुढेच सरकली. “छत्तीस! म्हणजे छत्तीस गुणच की! बघा, सगळं आपल्याकडूनच नेलंय यांनी.”

“आमचे अठ्ठावीस जुळले होते,” नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. “राहिलेल्या आठांवर संसार चाललाय.”

घरमालकिणीने गड्डी आईपुढे ठेवली. प्रश्न मनात धर, सांगू नकोस, डाव्या हाताने काप. आईने डोळे मिटले. अंबादेवीपुढे मिटते तसे, चांगले मिनिटभर मिटले. त्या मिनिटात सगळ्यांनी माझ्याकडे बघून घेतलं. मी आधण टाकायला उठले, कारण असल्या नजरा झेलण्यापेक्षा चहा करणं सोपं.

परत आले तेव्हा टेबलावर तीन पत्ते होते. कुत्रा, अंगठी, शवपेटी.

“इट्स अ कॉफिन, मम्मा,” मुलगी अस्सल स्लायगोच्या हेलात म्हणाली. “समवन’स डेड, लाइक.”

“गप बैस,” तिची आई, म्हणजे पत्रिकावाली, म्हणाली आणि लगेच कामाला लागली. तिने ते तीन पत्ते मनातल्या मनात उचलून कुंडलीत मांडले. “अंगठी म्हणजे विवाह, म्हणजे सप्तमस्थान. त्याच्या आधीचं षष्ठ, आणि पाळीव प्राणी षष्ठातूनच बघतात. कुत्रा! आणि सप्तमानंतर अष्टम, मृत्युस्थान. पेटी! अहो काकू, तंतोतंत जुळतंय!” आपली विद्या खरी ठरल्याचा तिला इतका आनंद झाला होता, की जुळलेली गोष्ट माझ्या मरणाची आहे हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग तिने आवाज खाली आणून शांत करून घ्यायला सुचवलं. मोठी नको, छोटी चालेल.

फिजिशियनला राहवेना. निदान म्हटलं की त्याला शक्यता मोजायच्याच असतात. त्याच्या मते कुत्रा म्हणजे गोरा जावई, कारण इथले लोक कुत्रे पाळतात. शवपेटी म्हणजे घटस्फोट, किंवा माझं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, किंवा साधा व्हायरल ताप. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, तीन पत्त्यांवरून काही सांगणं अशास्त्रीय आहे, सँपल वाढवा. म्हणजे काय करायचं? पुन्हा कापायचे, चांगलं काही येईपर्यंत.

घरमालकिणीने गड्डीवर हातच ठेवला. “उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा विचारायचं, हे आम्ही सार्वमतात करतो. पत्त्यांत नाही.” त्या देशाने युरोपच्या एका करारावर एकदा नाही म्हटलं होतं, आणि पुढच्या वर्षी सरकारने तोच प्रश्न पुन्हा विचारून हो म्हणवून घेतलं होतं. तो राग तिच्या मनातून गेला नव्हता. मग तिने विचारलं, “पण कापले कुणी?” आणि आईकडे बोट दाखवून स्वतःच उत्तर दिलं, “मग पत्ते हिचे. त्या पोरीला कशाला मारताय?”

सगळे हसले. फिजिशियनने तिला इंग्रजीत समजावून सांगितलं, की आमच्या संस्कृतीत आई स्वतःसाठी काही मागत नाही, मुलांसाठीच मागते. हे त्याने फार अभिमानाने सांगितलं. घरमालकीण आईकडे बघत राहिली. आई उठली आणि पोह्यांच्या बश्या गोळा करू लागली. “चहा गार होऊन राह्यला,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी आम्ही स्ट्रँडहिलला समुद्रावर फिरायला गेलो. वारा असा, की आईने पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी गाठ मारली होती. मी तिला समजावत होते, की असल्या पत्त्यांना काही अर्थ नसतो, तू माझी काळजी करू नकोस.

“तुही काळजी कोन करून राह्यलं?” आई म्हणाली. “तो पत्ता माहा होता.”

आणि मग तिने प्राध्यापकांचं सगळं सांगितलं, वाऱ्यावर ओरडून, कारण हळू बोललं तर ऐकूच येत नव्हतं. आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट तिला अशी मैदानी आवाजात सांगावी लागली. कुत्री घेऊन फिरणारे दोन आयरिश लोक आमच्याकडे बघून हसून गेले.

आता मी काय करायला हवं होतं? मी पुरोगामी. विधवाविवाहावर शाळेत बक्षीस मिळवलेलं भाषण माझं, तेही आईनेच लिहून दिलेलं. पण त्या क्षणी माझ्यातली पुरोगामी बाई वाऱ्याने उडून गेली आणि भूलतज्ज्ञ तेवढी उरली. मी ऑपरेशनच्या आधी पेशंटला विचारतात ते सगळे प्रश्न सुरू केले. वय? वजन? बीपी? शुगर? छातीत कधी दुखलं? दात स्वतःचे आहेत का? जिना चढताना दम लागतो? आई बिचारी जमेल तशी उत्तरं देत होती. भूल देणाऱ्याला हमखास विचारावा लागतो असा एक प्रश्न शेवटी राहिला होता, तोही मी सोडला नाही.

“झोपेत घोरतात का?”

आई थांबली. “मले काय मालूम?” असं म्हणून ती इतकी लाल झाली, की मलाच समुद्राकडे बघावं लागलं.

मग मी, मी विज्ञानवाली, म्हणाले, “आणि ती शवपेटी?”

“काल तं तू पत्त्यांले हसून राह्यली होती.”

“पण आई, या वयात...”

“या वयात काय? तुहे बाबा गेले तेव्हापासून मी एका जिवाची भाजी करून राह्यली. एका जिवाची भाजी होतच नाई. केवढीशी बी करा, उरतेच. मंग संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी बी तेच. तू रविवारी फोन करतं, मी सांगतो, मजेत आहो. तुले बरं वाटते, फोन ठेवतं.” तिने गळ्याशी पदराची गाठ पुन्हा घट्ट केली. “परवानगी मागून नाई राह्यली मी. सांगून राह्यली. अजून हो म्हटलं नाई त्यायले. पन तुहं तोंड असं पडलं, तं मंग म्हनवत बी नाई.”

मला रडू आलं. वाऱ्यामुळे आलं असं तेव्हा सांगितलं, पण ते खरं नव्हतं. आई एकटी आहे हे मला ठाऊक होतं, पण मी ते रविवारच्या फोनमध्ये बसेल एवढंच ठेवलं होतं. आणि आता तिचा होकार माझ्या तोंडाकडे बघून अडला होता.

संध्याकाळी चहाचं निमित्त करून शेजारी गेले आणि सहज विचारावं तसं विचारलं, कुत्रा म्हणजे जुना सोबती हे एव्हाना कळलं, पण अंगठीपुढे शवपेटी आली तर नक्की काय समजायचं? घरमालकीण म्हणाली, “ज्याचा पत्ता त्याला विचार.” वर फ्रूटकेकचा तुकडा दिला. ग्रँडसुद्धा म्हणाली नाही.

मग मी रीतच करायची ठरवली. मुलीकडची मी एकटीच होते. स्काइपवर प्राध्यापकांना बोलावलं. ते जूनच्या उकाड्यात कोट घालून बसले होते. मागे भिंतीवर कृषी प्रदर्शनाचं कॅलेंडर. मी अजून पहिला प्रश्न विचारते आहे तोच त्यांनी टेबलावरून एक फाइल उचलली आणि एकेक रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला सुरुवात केली. ईसीजी, शुगर, डोळ्यांचा नंबर. “तुमच्या आईंनी सांगितलं, डॉक्टर, तुम्ही काय काय विचारलं ते,” ते म्हणाले. “एका प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. मी स्वतः झोपलेला असतो.” आई माझ्या मागे उभी होती. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मी त्यांना सांगितलं, भूल देण्याआधी आम्ही पेशंटला लावतो त्या श्रेणीत तुम्ही दोन नंबरला बसता, म्हणजे तक्रारी किरकोळ, ऑपरेशनला हरकत नाही. ते गंभीरपणे थँक यू म्हणाले. पोहे तेवढे राहिले.

आई परत जायच्या आधीच्या रविवारी पुन्हा तीच मंडळी जमली. बातमी अर्थातच पोचली होती. सगळे अतोनात मोकळ्या मनाचे झाले होते. फिजिशियनने आईला ‘यू आर अॅन इन्स्पिरेशन’ असं म्हटलं आणि मग हळूच मला विचारलं, प्रॉपर्टीचं काय ठरलंय. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, त्याच्या आईने असं काही केलेलं त्याला चालेल, कारण त्याचे बाबा हयात आहेत. पत्रिकावाली सगळ्यात प्रामाणिक. तिने आईचा हात हातात घेतला. “काकू, तुमचं सगळं छान होणार आहे. फक्त त्या पेटीची तेवढी शांत करून घ्या आधी. मनात नको राहायला.”

आई चहा गाळत होती. तिने पातेलं खाली ठेवलं.

“माह्या वयाले अंगठीच्या बाजूले पेटीच येईन,” ती म्हणाली. “पायना थोडी येईन?”

घरमालकिणीने मला कोपराने ढोसलं, काय म्हणाली ते सांग म्हणून. मी भाषांतर केलं, पाळण्यासकट. ती म्हातारी इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि फिजिशियनला उठून पाठ थोपटावी लागली. मग पर्समधून गड्डी काढून तिने ती आईपुढे ठेवली आणि खुणेने विचारलं, पुन्हा कापतेस का? आईने मान हलवली. “नो, थँक यू, मॅडम. क्वेश्चन इज ओव्हर.” शाळेत तास संपवायची तशीच म्हणाली, आणि आत जाऊन अमरावतीला फोन लावला.

लग्न जानेवारीत झालं, रजिस्टर पद्धतीने. मी नव्हते. त्याच आठवड्यात माझी नोकरी बदलत होती, आणि नव्या हॉस्पिटलला आईच्या लग्नाला जायचंय असं लिहिलं तेव्हा त्यांनी विनम्रपणे विचारलं, की स्पेलिंगमध्ये काही चूक झाली आहे का. त्यामुळे ज्या दिवशी आईने सही केली त्या दिवशी मी प्रेशर कुकर, रजया आणि देव गाडीत घालून पावसातून देशाच्या दुसऱ्या टोकाला चालले होते. फोटो नंतर आले. आई लिंबाच्या रंगाच्या साडीत होती, प्राध्यापक त्याच कोटात. नातेवाइकांनी तोवर पत्त्यांची गोष्ट पसरवली होती, आणि आईनेही ती खोडली नाही. म्हणाली, त्या आयरिश बाईवर जाते आहे तर जाऊ दे, आपल्याले काय.

पहिल्या रविवारी नव्या खोलीतून फोन केला. फोन प्राध्यापकांनी उचलला. एक क्षण दोघंही गडबडलो, मग ते म्हणाले, “देतो हं, त्या मेथी निवडतायत.” मेथी. जुडीची जुडी. आईचा आवाज आला. तब्येत विचारली, थंडी विचारली. मग राहवलं नाही.

“आई, घोरतात का गं?”

मला वाटलं, लाजेल, नाहीतर रागावेल. तिने आवाज बारीक केला, पण लाजून नाही, ते शेजारीच बसले असावेत म्हणून.

“घोरतेत,” आई म्हणाली. “लय घोरतेत. रात्री जाग आली का समजते, घरात कोनी आहे.”